भरलेलीच परत आलेली बाटली

साथीच्या दिवसांत माझी लेक सुमा वॉर्डात नर्स होती आणि मी घरी बसून तिच्यासाठी खिशात मावणारी सॅनिटायझरची स्प्रे-बाटली बनवत होतो. पहिल्या नमुन्याचा फवारा असा सुटला, की समोरच्या गच्चीवरचा कावळा थेट पुढच्या तालुक्यात जाऊन बसला! दुसरा गळका निघाला. माझा लेंगा आठवडाभर निर्जंतुक होता. तिसरा जमला. अत्तराच्या बाटलीचं तोंड, पेनची क्लिप आणि आत किती उरलंय ते दिसावं म्हणून पारदर्शक पोट.

रोज संध्याकाळी घरी आली, की सुमा बाटली उंबऱ्यावर ठेवायची, मी भरायचो. भीती मोजायचं माप मला असं अचानक सापडलं, पण ते उलटं वाचावं लागे. बाटली रिकामी दिसली, की जीव भांड्यात पडे.

एके दिवशी ती भरलेलीच आली.

"तोंड तुंबलं का गं?" मी दाबून पाहिलं. फवारा झकास उडाला.

"नाही हो बाबा. आज हातमोजे बदलायलासुद्धा उसंत नव्हती."

ती आंघोळीला गेली. मी सवयीनं बाटली भरायला घेतली. मी उडवले होते तेवढेच चार थेंब तिच्यात मावले.