अंगणातलं जुनं प्लास्टिकचं गवत आज निघालं

मंडळी, आमच्या अंगणातलं प्लास्टिकचं गवत पार जुनं झालं होतं. त्याच्या उसवलेल्या जोडात पाय अडकून सासूबाई गेल्या वर्षी पडल्या. दुखावलेलं मनगट बरं झालं, पण तेव्हापासून त्या अंगणात उतरल्याच नव्हत्या.

आज फुलंब्रीहून आलेल्या कारागिरानं ते काढलं, जमीन सपाट करून नवं गवत अंथरलं आणि म्हणाला, "मावशी, आता जोड कुठंय ते दाखवा बरं."

सासूबाई माझा हात धरून अनवाणी उतरल्या. पायानं चाचपत भिंतीपर्यंत गेल्या.

"नाय सापडत गं," म्हणाल्या, आणि परतताना माझा हात सोडून आल्या.

मला लई हलकं वाटलं. हे काम आम्ही वर्षभर का टाळलं, कळत नाही. तुमच्याकडं अशा एखाद्या राहून गेलेल्या कामापायी कुणाचं बाहेर येणं थांबलंय का?