रिकामा डबा परत करायचा नाही

क्लासच्या सरांचा फोन आला तेव्हा मी बंदराजवळ, द्रोणागिरीच्या ऑफिसात होते. बंदरातून येणाऱ्या मालाचे कागद तपासणं हे माझं काम. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुलाच्या बॅगेत व्हेप सापडलंय. ते धूर ओढायचं यंत्र. तुम्ही या." मी "हो सर, थँक्यू सर" म्हणाले आणि हातातला कागद पुरा तपासला. त्यात एक चूकही सापडली, तिच्यावर खूण केली. मग साहेबांना सांगून निघाले.

बसमध्ये मला रडू आलं नाही. रागही आला नाही. बराच वेळ दुमडून बसलं की पाय आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. बाहेर ट्रेलरची रांग उभी होती. ती संपेपर्यंत मी बघत राहिले.

माझा मुलगा अकरावीत आहे. सोसायटीत बायका म्हणतात, "वहिनी, तुमचा मुलगा म्हणजे गाय आहे गाय." कुणाच्या पिशव्या वर न्यायच्या असोत, कुणाच्या पोराला चित्र काढून द्यायचं असो, तो "चालेल" म्हणतो. ऐकून मला बरं वाटायचं. मी जिथून आले तिथे माझंही असंच कौतुक व्हायचं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तालुक्याच्या गावी बारावी झाल्यावर आत्यानं मला कोपरखैरण्याला आणलं. तिच्या एका खोलीत तिचं सगळं कुटुंब राहायचं, त्यात मी. निघताना आई म्हणाली होती, "कुणाच्या दारात राहायचंय ते ध्यानात ठेव. काय पाहिजे विचारलं तर 'चालतंय' म्हणायचं." मी तेच म्हणत राहिले. भाजी कोणती, झोपायला जागा कोणती, पंखा हवा की नको, सगळं चालतंय. आत्याच्या जिवावर मी बी.कॉम. झाले. तिनं मला घरात घेतलं नसतं तर मी आज कुठे असते, हा विचार अजूनही मनात येतो.

आत्याचा एक नियम होता. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर घालायची, पण रिकामा नाही. हा नियम मी माझ्या घरात आणला. मुलगा चालायला लागला तेव्हापासून डबे पोचवायचं काम त्याच्याकडे. जिना उतरताना तो झाकण दोन्ही हातांनी दाबून धरायचा.

क्लासच्या केबिनमध्ये तो भिंतीला टेकून उभा होता. टेबलावर पेनासारखी एक निळी वस्तू होती. मला ती खडूपेटीतली वाटली.

"हे तुझं नाही म्हणतोस," सर म्हणाले, "मग कुणाचं ते सांग. आत्ताच विषय संपवतो. नाही सांगितलंस तर महिनाभर क्लास बंद. परीक्षा तोंडावर आलीय, मॅडम. तुम्ही बघा."

"सांग रे," मी म्हणाले. "सर एवढं करतात तुझ्यासाठी."

"माझं नाहीये," तो म्हणाला. "नाव नाही सांगणार."

"बघितलंत? संगत, मॅडम. या वयात आईबापापेक्षा संगत जास्त शिकवते."

मी "थँक्यू सर" म्हणाले. त्याची बॅग उचलली. त्याचा महिना गेला होता आणि मी आभार मानत होते.

आम्ही चालत घरी निघालो. रस्त्यात विचारलं, तर मला त्यानं सरळ सांगितलं. बी विंगमधला मित्र.

"तो रोज मला स्कूटीवर कॉलेजला नेतो ना. त्याचे बाबा बॅग तपासतात. म्हणाला, थोडे दिवस तू ठेव. काकू पण सारखं काय काय पाठवते आपल्याला. मग मी काय बोलणार?"

"नाही म्हणायचं."

"कसं?"

तो चिडून बोलत नव्हता. गणिताची पायरी विचारावी तसं विचारत होता. "तूच सांगतेस ना, कुणाचं घेतलं की परत करायचं. तू कधी कुणाला नाही म्हणालीयस का?"

मी आठवून बघितलं. ऑफिसात रविवारी बोलावलं की मी जाते. नणंदेनं दिलेल्या साड्या नेसते. सिग्नल आला, आम्ही थांबलो, सुटला, चाललो. मला एकही प्रसंग आठवला नाही.

घरी ओट्यावर बी विंगच्या काकूंचा, त्या मित्राच्या आईचा, डबा होता. त्या मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. आदल्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "ताई, घ्या, कोलंबीची चटनी हाय. पोराला आवडते म्हनून आनली. नाय म्हनू नका." मी कुठली म्हणतेय! बाईंच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे.

मी डबा घासला, पुसला. हात आपोआप साखरेकडे गेला. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"नको घालू," तो म्हणाला.

"अरे, रिकामा कसा द्यायचा?"

"मी देतो."

"नाव सांगितलंस तर क्लास चालू होईल," मी म्हणाले. "अजून होईल."

"मी नाही सांगणार. त्यानं स्वतः सांगावं. तेच सांगायला चाललोय."

त्यानं डबा घेतला. झाकण लावलं. चप्पल घालून खाली गेला. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले.

तो लवकर परत आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, भाव खातोस काय? आणि हसला."

"आणि काकू?"

"काकूनं डबा उघडून बघितला. परत झाकण लावलं."

तो हातपाय धुवायला गेला. नळाच्या आवाजातून म्हणाला, "उद्यापासून मी चालत जाणार."

"क्लास बंद आहे," मी म्हणाले.

"कॉलेजला."

मी चमचा साखरेत परत ठेवला.