साडूंची निवड

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्या साडूंइतका चिकित्सक माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतका माझ्या जिवाला त्रास दुसऱ्या कुणी दिला नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण ती लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. ती लिहिली की पुढचं वाक्यही लिहावं लागतं. आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरलीचा मी, ठाण्यातला बँक अधिकारी. धाकटीचे ते, डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात माल तपासणारे. सासुरवाडी एक आणि जावई दोन असले की तुलना होतेच. आमची मात्र सासूबाईंनी कधी केली नाही, ते काम मी एकट्याने सांभाळलं.

साडूंची खोड अशी, की कुठलीही वस्तू घेताना ते विकणाऱ्याशी बोलतच नसत. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा ते दुकानात न जाता फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे दुपारभर बसून राहिले आणि कुठल्या कंपनीचं तोंड त्याला क्वचित बघावं लागतं एवढंच विचारून आले. मी ईर्ष्येने त्याच आठवड्यात त्यांच्यापेक्षा मोठा, दोन दरवाजांचा आणला. त्याच्यातून पाणी गळायचं. साडू आले की माझी बायको त्याच्याखाली पसरलेलं फडकं पायाने आत सारायची आणि ते सौजन्याने खिडकीबाहेर बघायचे. दिवा स्टेशनजवळ एका बिल्डरने स्वस्तात जागा देऊ केली, तर ह्यांनी त्या इमारतीतून बिऱ्हाड हलवलेलं कुटुंब शहाडला शोधून काढलं. त्या माउलीने चहा देताना नुसतं म्हटलं, "इथे चहाला पाणी असतं, भाऊ." व्यवहार तिथेच मोडला. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाच्या घरच्यांना भेटायच्या आधी तो पूर्वी जिथे जेवायचा त्या खाणावळीतल्या मावशींना भेटले. मुलगा ताट उचलून ठेवायचा एवढं कळल्यावर पत्रिकासुद्धा बघितली नाही. जावई सोन्यासारखा निघाला. माझा जळफळाट काय सांगू. त्यांचं काही चुकलं तर मला एखादा दिवस तरी शांत झोप लागेल असं वाटे, पण त्यांचं चुकत नसे.

मग त्यांच्या मुलीचं दुखणं निघालं. गर्भाशय काढावं लागलं. सरोगसीचा मार्ग डॉक्टरांनी सुचवला, म्हणजे मूल मुलीचं आणि जावयाचं, पण वाढणार दुसऱ्या बाईच्या पोटात. त्या काळात ह्या धंद्याला भलताच बहर होता. पूर्वी कुणी कुजबुजतही बोलत नसे ती गोष्ट आता हमरस्त्यावरच्या पाट्यांवर आली होती. परदेशी जोडप्यांना बंदी झाल्यावर एजन्सीवाले इथल्याच मध्यमवर्गाच्या मागे लागले होते. साडू पिशवीत पाण्याची बाटली घेऊन एकेक एजन्सी पालथी घालू लागले. सगळीकडे भिंतभर गोजिरवाणी बाळं. साडू तिकडे बघायचेही नाहीत. "बाळं सगळीच गोड असतात," ते म्हणायचे, "तुमच्याकडे बाळंत झालेली एखादी बाई दाखवा. आता कशी आहे ते तिला विचारतो." मग गोपनीयतेचं कारण पुढे यायचं, आणि हे चप्पल घालायचे. कल्याणच्या एका जुनाट इमारतीत, करकरत्या पंख्याखाली बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तसं केलं नाही. आधी त्या बाईला विचारते, म्हणाल्या. आंबिवलीची ती बाई हो म्हणाली. टाके ओले होते तोवर डॉक्टरीणबाई स्वतः घरी यायच्या, आणि बाळाचं तोंड बघायचं का नाही हे मला आधी विचारलं होतं, असं तिने सांगितलं. साडूंची निवड झाली. वर्षभराने नात आली. बारशाला मी पेढे बरेच खाल्ले आणि साखर जास्त झालीय असं चार जणांना सांगितलं.

आमच्याकडे तेव्हा दुःखच होतं. सुनेचे दोन गर्भ टिकले नव्हते, आणि पुढे धोका आहे असं डॉक्टर म्हणाले होते. हे कळताच साडू ठाण्याला आले. मला गॅलरीत नेऊन हळूच म्हणाले, "दादा, एकदा कल्याणला जाऊन बघा. मी शब्द टाकून ठेवलाय. पण माझं ऐकून नको, तुम्ही स्वतः बघा."

मला दिसलं ते एवढंच, की माझ्या नातवंडाच्या प्रत्येक वाढदिवसाला कुणीतरी म्हणणार, साडूंनी जागा शोधली म्हणून. मी कल्याणला गेलोच नाही. त्या दिवशी ठाण्यातच तलावपाळीवर शेंगदाणे खात बसलो आणि घरी येऊन मुलाला सांगितलं, जाऊन आलो, जागा बरोबर नाही, बायकांना कसं ठेवतात ते बघवत नाही.

सून म्हणाली, "पण काका तर चांगलं म्हणत होते."

"त्यांना काय," मी म्हटलं, "त्यांचं काम झालं."

मी घोडबंदर रोडवरची काचेच्या ऑफिसची एजन्सी निवडली. तिथे कॉफी द्यायचे आणि आम्हाला 'फॅमिली' म्हणायचे. दर महिन्याला नवीन कारण निघायचं. आज बाई मिळाली, उद्या तिचे रिपोर्ट बरोबर आले नाहीत. बाई आम्हाला शेवटपर्यंत दिसली नाही. मग कायदा आला. पैसे देऊन हे करणं बंद झालं, एजन्सी गेल्या. आता स्वतःहून तयार असलेली बाई, सरकारी कागद, नोंदणी झालेलं हॉस्पिटल. आमच्या काचेच्या ऑफिसात टकलावर केस लावून देणारा दवाखाना उघडला. मुलाने आणि सुनेने नात्यात विचारून बघितलं. माणसं आधी फोन उचलत, मग उचलेनाशी झाली. एक दिवस सून म्हणाली, "बाबा, आता पुरे."

साडू मला कधी टोचून बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला भांडता आलं असतं. उलट मेव्हणीकडून कळलं ते असं, की मी स्वतः जाऊन जागा नापसंत केली ह्याचा त्यांनी धसका घेतला. आपल्याला जे दिसलं नाही ते दादांना दिसलं असणार. ज्या बाईने त्यांची नात पोटात वाढवली तिच्या घरी ते पुन्हा गेले आणि तुझे हाल झाले होते का, माझ्यापासून लपवलंस का, असं विचारत राहिले. तिला ते लागलं. दिवाळीला ती यायची, ती यायची थांबली. आयुष्यभर ज्यांची निवड मला सलली, ते गृहस्थ पुढे साधा मिक्सर घ्यायचा तरी मला फोन करू लागले. आणि मी सल्ला देत राहिलो.

गेल्या वर्षी ते डोंबिवलीच्या हॉस्पिटलात होते. बरे होणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. मी सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. पण सून म्हणाली, मीही येते. ती त्यांच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होती, फोडीवरचा पांढरा पापुद्रासुद्धा काढत होती. साडूंनी एक फोड खाल्ली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"दादा, एक विचारायचं राहिलंय. कल्याणला तुम्हाला काय दिसलं होतं?"

सुनेचा हात थांबला. तीही माझ्याकडे बघू लागली. मला वाटतं, तिलाही ते इतकी वर्षं विचारायचं होतं. मी म्हटलं, आता कशाला तो विषय, तुम्ही आराम करा. साडूंनी मान डोलावली. शहाण्या माणसाचं ऐकावं तशी. सून पुढची फोड सोलू लागली.

चार दिवसांनी ते गेले. सून आत्ता आतल्या खोलीत आहे, हे लिहून झालं की मला जेवायला हाक मारील. दोघांना सांगायचं होतं ते एवढंच होतं. मला काहीच दिसलं नव्हतं. मी तिथे गेलोच नव्हतो. जागा चांगली होती. मला माफ करा.