माळ्यावरचा काउबॉय

मूकपट बघणाऱ्यांकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. पण पडदा गप्प असला की हॉलमधली माणसं जास्त बोलतात! लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये एका सिनेमाचेच इतके किस्से साठलेत की नवीन माणूस आला की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

सिनेमा काउबॉयचा. त्या काळच्या एका गाजलेल्या कादंबरीवरचा. त्याची रिळं सापडली लंडनच्याच दुसऱ्या टोकाला, इल्फर्डला, रिबेकामावशींच्या माळ्यावर. मावशी मुंबईच्या ज्यू, आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. त्यांच्या मिस्टरांना जुनी रिळं जमवायचा नाद होता. आमचा शिरीष फिल्म लॅबमध्ये आहे. त्याने डबा उघडला, वास घेतला आणि पांढराफटक पडला.

"मावशी, ही जुन्या प्रकारची फिल्म आहे. पेटली तर पाण्यानेही विझत नाही!"

"अगं बाई! आणि मी डब्यांना टेकवून इस्त्री ठेवते!"

*

लॅबने फोनवर सांगितलं, "हात लावू नका, घराबाहेर पडा, आम्ही येतोय." आम्ही सगळे चपला घालून रस्त्यावर. वर कडक ऊन. तेवढ्यात मावशी वळल्या आणि तरातरा आत गेल्या! शिरीष मागे धावला. "मावशी, फोटो-बिटो राहू द्या!"

"फोटो नाही रे, गॅसवर वरण आहे!"

*

लॅबने कॉपी काढली आणि आम्ही रविवारी दुपारी हॉलमध्ये शो ठेवला. की-बोर्डवर नील, इथेच जन्मलेला. खलनायकाचा हात खिडकीतून हळूहळू आत येतो, नायिका पाठमोरी, आणि नेमका तिथे नील वाजवायचा थांबला. पूर्ण शांतता. पुढच्या रांगेतून किंकाळी आली!

नंतर सगळ्यांनी पाठ थोपटली. "काय इफेक्ट साधलास!"

"इफेक्ट नाही," नील म्हणाला, "मला भीती वाटला."

*

एक रीळ मध्येच कुजलं होतं. नायिका हसत असताना तिच्या चेहऱ्यावर बुडबुडे येतात, गाल वितळतात, डोळे वाहून जातात. मावशींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

कादंबरी वाचलेला शिरीष धीर देत म्हणाला, "मावशी, घाबरू नका. कादंबरीत ती शेवटपर्यंत जगते."

"कादंबरी माझ्या माळ्यावर नव्हती ना रे!"

*

आणि अनघाचा किस्सा. अनघा माझी मैत्रीण, लहानपणापासून ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ वाचते, मराठी आणि इंग्लिश, दोन्ही. मी तिला दुसऱ्या शोला घेऊन गेले.

एका सीनमध्ये दरोडेखोरांची टोळी दौडत येते. एक स्वार घसरतो, पाय रिकिबीत अडकतो आणि घोडा त्याला कॅमेऱ्याजवळून फरफटत नेतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "काय ॲक्टिंग आहे!"

अनघा ताडकन उभी राहिली. "बंद करा!"

शिरीषने सिनेमा थांबवला. "काय झालं?"

"तो ओरडतोय, पाय अडकलाय, घोडा थांबवा. कॅमेऱ्याकडे बघून ओरडतोय. मग आईला हाक मारतोय."

शिरीषने तो तुकडा पुन्हा लावला. अनघा तेच म्हणाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिनेमा पुढे सरकला आणि टोळी परत आली. कपाळावर पांढरा पट्टा असलेला तोच घोडा. स्वाराची फाटकी टोपी तीच, कोटही तोच.

माणूस दुसरा होता.