राउटर माझ्या हातून गेला

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. वर्तकनगरला आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा तो माणूस रुमालाला बोटं पुसूनच यंत्राला हात लावायचा. आमच्या जुन्या राउटरमध्ये तो फुकट मिळणारं, नवं सॉफ्टवेअर भरत होता.

"काका, दहा मिनिटं बटण बंद करू नका हं. मधेच बंद झालं तर राउटर मेला."

तो फोन घ्यायला गॅलरीत गेला. खोलीतून उठताना बटणं बंद करायची माझी सवय. केलं बंद. राउटर गेला.

त्याने बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हिला म्हणाला, "काकू, माझंच काहीतरी चुकलं."

मीही सोसायटीत तेच सांगत सुटलो. त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

परवा नौपाड्यात भेटला. "काका, नेट बरं चालतंय ना?"

"चालतंय," म्हणालो आणि रिक्षाला हात केला.