गिरदावर काकांची जिराफ-पहाणी

रानात मोकळे हिंडणारे जिराफ नेमके कुठे पाहायला मिळतात, हे आदिलाबादजवळच्या आमच्या इचोड्याच्या गिरदावर काकांइतके बिनचूक सांगणारा माणूस अख्ख्या आफ्रिका खंडात तरी निघेल की नाही, याची मला शंका आहे. काका स्वतः मात्र उत्तरेला नागपूर आणि दक्षिणेला हैदराबाद, या दोन टोकांपलीकडे जन्मात गेलेले नव्हते. बासरला देवीच्या दर्शनाला निघायचे तरी त्यांना परमुलखात निघाल्यासारखे वाटे. ते दोन टॉवेल बरोबर घेत आणि एक वापरून दुसरा कोरडा परत आणत. पण बसमध्ये शेजारच्याने सहज विचारले असते, की जिराफ पाहायला कुठे जावे, तर काकांनी त्याला बासर येईपर्यंत पाच देश फिरवून आणले असते. शेजारच्याने विचारले नाही तरी आणलेच असते.

काका आमचे शेजारी. गल्लीतल्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि ती मुख्यतः वाट्या सरकवण्यासाठी होती. महसूल खात्यात ते गिरदावर होते. पटवारी पहाणीत, म्हणजे गावाच्या पीकनोंदीच्या वहीत लिहितो, की अमक्या शेतात कापूस, तमक्यात ज्वारी. ते पीक खरोखर तिथे उभे आहे का, हे बांधावर जाऊन पाहायचे आणि मग सही करायची, हे गिरदावराचे काम. बरेच गिरदावर हे काम चावडीत बसून करत. काका चिखल तुडवत जात. 'मौक्यावर गेल्याबिगर सही नाई', म्हणजे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सही नाही, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. एका पटवाऱ्याने एका शेतात साडेतीन एकर हरभरा लिहिला होता. काका जाऊन पाहतात तर तिथे पडीक जमीन आणि मध्ये एक विहीर. त्यांनी पटवाऱ्याला बोलावून शांतपणे विचारले होते, "हरभरा पाह्याले आत उतरू काय?" तो पटवारी पुढे निवृत्त होऊन इचोड्यातच राहिला आणि रोज संध्याकाळी चहाला काकांच्याच ओट्यावर येऊ लागला. आमच्याकडे भांडण असे मुरते.

मी शाळेत होते तेव्हा सुट्टीत काका मला बरोबर नेत. मी शाईची बाटली सांभाळायची आणि ते सांगतील ते कच्च्या कागदावर उतरवायचे. "आठवणीवर इसवास ठेवू नको, माय. कागदावर ठेव." लग्नानंतरही मी त्याच घरी राहिले; आज आदिलाबादच्या विमा कचेरीत माझ्या टेबलावरचा एकही कागद हरवत नाही, पर्समध्ये कायम तीन याद्या असतात आणि घरी मला माझ्या माघारी 'मुनीम' म्हणतात. हे सगळे काकांचे देणे आहे. ते फेडता येण्याजोगे नाही, म्हणून मी ते यादीत घातलेले नाही.

जिराफाचे प्रकरण हैदराबादला सुरू झाले. कचेरीच्या कामाला गेले असताना काकांना दुपार मोकळी मिळाली आणि ते प्राणीबागेत गेले. तिथे त्यांनी आयुष्यातला पहिला जिराफ पाहिला. तो उंच टांगलेल्या टोपलीतला पाला खात होता. काका त्याच्याकडे तासभर पाहत राहिले आणि मग त्यांनी राखणदाराला गिरदावरी प्रश्न विचारला, "ये कौन से गाँव का है?" राखणदार म्हणाला, "अफ्रीका का." काका म्हणाले, "वो तो मुल्क हुआ. गाँव बताओ, तालुका बताओ." घरी परतल्यावर काका काकूंना म्हणाले, की एवढा मोठा जीव, आणि त्याच्या गावाची नोंद कुणाकडे नाही. काकू भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "आता तुमी घ्या नोंद. तेवढंच राह्यलं होतं."

काकांनी खरोखरच घेतली. रद्दीतली मासिके, शाळेचा नकाशा, भैंशाच्या एका कापूस व्यापाऱ्याचे केनियातले पाहुणे, वाचनालयातले ज्ञानकोश, पुढे आदिलाबादला इंटरनेटचे दुकान निघाल्यावर माझी रविवारची सुट्टी, असे जिथून मिळेल तिथून ते गोळा करत गेले. लाल कापडाच्या बस्त्यात एक जाड वही. रकाने पहाणीचेच: मुल्क, तालुका, गाव, चतुःसीमा, कोणते झाड, पाणी कुठे, जिराफाची जात, संख्या आणि शेवटी मौक्यावर पाहणाऱ्याची सही. केनियात सांबुरू, तिथल्या जिराफाच्या अंगावर जाळी विणल्यासारखी नक्षी. नामिबियात एटोशा, कोरड्या दिवसांत पाणवठ्याशी बसावे, जिराफ आपणहून येतो. टांझानियात रुफिजी नदीच्या उत्तरेला जिराफ आहेत, दक्षिणेला नाहीत, कारण जिराफ ती नदी ओलांडत नाही. यावर काकांचे भाष्य असे, की आपण पेनगंगा ओलांडून सोयरिका करतो म्हणून सगळे करतीलच असे नाही.

सगळ्यांत लाडकी नोंद आफ्रिकेतल्याच नायजर देशाची. तिथे राजधानीपासून थोड्याच अंतरावर जिराफ गावकऱ्यांच्या शेतांतून हिंडतात आणि चवळी खातात. जिराफ रानात नाही, शेतात, उभ्या पिकात. या कल्पनेने काकांची झोप उडाली. ते पंधरा दिवस अस्वस्थ होते. "अन् नुकसान कोन मोजते?" असे ते मला, काकूंना आणि रस्त्यावरच्या ढाब्यावर थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला विचारत राहिले. ड्रायव्हरने निर्मलचा रस्ता विचारला होता. माझ्या मुलीच्या अक्षराभ्यासाला, म्हणजे पहिले अक्षर गिरवण्याच्या विधीला, काका बासरला आले तेव्हा पाटीवर तिने श्री गिरवला, पुरोहित दक्षिणेकडे वळले, तेवढ्यात काकांनी तिच्याकडून एक लांब मान काढून घेतली होती. पुरोहितांना ती वेलांटी वाटली. काकूंचे म्हणणे एकच होते, की या माणसाला आफ्रिकेतला प्रत्येक जिराफ सापडतो आणि स्वयंपाकघरातला साखरेचा डबा सापडत नाही.

वही भरत गेली. फक्त शेवटचा रकाना पानापानावर कोरा होता. आणि एका संध्याकाळी पटवारीबुवांनी चहा पिता पिता तिथेच बोट ठेवले. ते थट्टेतच म्हणाले, "गिरदावर साब, जनमभर आमच्या खोट्या नोंदी पकडल्या. अन् आता घरी बसून आफ्रिका लिवून राह्यले?" काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बस्ता माळ्यावर गेला. त्याच सुमारास डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. एक डोळा जवळजवळ गेला होता, दुसरा जपायचा होता. काका जिराफाविषयी बोलेनासे झाले. तीन महिने. भिंतीवरून वाट्या येत होत्या, पण घर मुके झाल्यासारखे वाटे.

माझा धाकटा भाऊ भैंशाच्या कापूस जिनिंगमध्ये काम शिकून टांझानियात अरुशा नावाच्या शहरात कापसाच्या गिरणीत लागला होता. भावजयीचे दिवस भरत आले, तिची आई आजारी, म्हणून जायचे माझ्यावर आले. मी रजा घेतली, चार याद्या केल्या आणि डिंकाचे लाडू बांधायला घेतले. जायच्या आदल्या दिवशी काका भिंतीशी आले. हातात बस्ता होता. त्यांनी एकच नोंद माझ्या कागदावर उतरवून दिली: अरुशाजवळचे लहानसे राखीव रान, मेरू पहाडाच्या पायथ्याशी, शहरापासून तासाभराच्या वाटेवर. "सारे तुले त्या मोठ्या खड्ड्यात नेतीन. जुना ज्वालामुखी हाय, आत शेर, हत्ती, सारं हाय. जिराफ नाई. कडा उभा हाय अन् खाली त्याच्या मतलबाची झाडं नाईत." मग आवाज उतरवून म्हणाले, "माय, एक नोंद तरी मौक्यावर पाहून येजो. झाड लिवजो, पानी लिवजो, संख्या मोजजो. दोन पंचांच्या सह्या घेजो. वही खोटी निघाली तर तसंच सांगजो."

बाळ झाले, मुलगी, दोघी सुखरूप. मला एक दिवस मोकळा मिळाला आणि भावाने अर्थातच त्या मोठ्या खड्ड्याची गाडी ठरवली होती. मी कागद दाखवला. तो म्हणाला, "ताई, लोक त्यासाठी अर्धं जग ओलांडून येतात. तू इचोड्याच्या म्हाताऱ्याचं काय ऐकतेस?" मी ड्रायव्हरलाच विचारले, खाली जिराफ असतात का. त्याने आरशातून माझ्याकडे चमकून पाहिले आणि म्हणाला, की ट्विगा, म्हणजे जिराफ, खड्ड्यात उतरत नाहीत. बाईंना हे कुणी सांगितले? मी म्हटले, आमच्या महसूल खात्याने. गाडी वळली.

त्या रानात बंदूकवाल्या रखवालदाराबरोबर पायी चालता येते. मी पेन काढले, कागद पुठ्ठ्याला लावला, चतुःसीमा लिहिली, काटेरी बाभळीसारखे झाड लिहिले, ओढा लिहिला. आणि मान वर केली तर झाडांच्या वर डोकी होती. ती आमच्याकडे पाहत होती. मग एक निघाला, त्याच्या मागे दुसरा, मग कितीतरी. एवढे मोठे जनावर चालताना आवाज करत नाही. जिराफ एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो आणि मान मागेपुढे होते, जणू तो कुणाचे तरी म्हणणे पटवून घेत चालला आहे. एक पिल्लू होते, माझ्या भावापेक्षा उंच. टोपलीतला पाला नाही, झाडावरचा. मी पाहत राहिले. ते झाडीत शिरले, फांद्या हलायच्या थांबल्या, तेव्हा हातातल्या कागदाकडे लक्ष गेले. संख्येचा रकाना कोरा होता. भाऊ म्हणाला नऊ, ड्रायव्हर अकरा, रखवालदार तेरा. एकदा वाटले, अकरा लिहून टाकावे. पेन टेकवलेही. पण शाईची बाटली सांभाळलेला हात तो, वळला नाही. दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि रकाना तसाच ठेवून परत आले.

इचोड्याला पोचले त्या संध्याकाळी ओट्यावर दोघेही होते. मी कागद वाचून दाखवला. काकांनी चालणे दोनदा विचारले. दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकले. मग पटवारीबुवांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अन् आकडा? आकडा तर नाईच." मी मान खाली घातली आणि म्हटले, पाहता पाहता मोजायचे राहिले. आयुष्यात यादीतले काम राहिल्याची ती माझी पहिली वेळ होती, आणि तीही काकांच्या कामात.

काका पटवारीबुवांकडे वळून म्हणाले, "पटवारी, तुमच्या हरभऱ्याचा आकडा कोरा होता काय? साडेतीन एकर लिवला होता. जो जात नाई ना, त्याचा आकडा कधी चुकून बी कोरा राहत नाई. ही पोरगी मौक्यावर गेली होती."

पटवारीबुवांनी चहाची बशी खाली ठेवली. मग स्वतःहून वही ओढून घेतली, खिशातले पेन काढले आणि आपल्या सुंदर जुन्या अक्षरात नोंद लिहिली, संख्येपुढे रेघ न ओढता जागा सोडून. मी वही काकांपुढे सहीला धरली. त्यांनी ती माझ्याकडे फिरवली. "मी गेलो होतो काय? जो गेला त्याची सही." मी सही केली. काकांनी ओल्या शाईजवळ बोट नेले आणि टेकवले नाही. आतून काकूंनी विचारले, की झालं का तुमचं सरकार, भाकरी निवून राह्यली.

काका जाऊन आता काही वर्षे झाली. पुढे काकू मुलाकडे निर्मलला गेल्या, तेव्हा बस्ता भिंतीवरून माझ्याकडे आला, वाटीसारखा. एका नोंदीपुढे सही आणि बाकीच्या कोऱ्या, अशी ती वही माझ्या कपाटात आहे. निवृत्तीनंतर करायच्या कामांची माझी यादी तयार आहे. त्यात पहिली दोन कामे गुडघ्यांच्या ऑपरेशनची आहेत, आधी डावा, मग उजवा. तिसऱ्या क्रमांकावर नायजर आहे. तिथे चवळीचे नुकसान कोण मोजते, ते विचारून यायचे आहे.