कापडाखालचे संगणक

आमच्या गावच्या शाळेत संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. खंडेनवमीला संगणकांना हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि पुन्हा कापड टाकून झाकायचं. माउसचं नुसतं चित्र आम्ही फळ्यावरून वहीत उतरवलं. नववीत शाळा सुटली तरी एका बटणाला बोट लागलं नव्हतं. आठवलं की अजून डोकं तापतं.

पुढं घरापासून लांब, सोलापुरात, टॉवेलच्या कारखान्यात लागले. एकदा मालक म्हणाले, "सोमवारपासून लेबलं संगणकावर. जमत नसंल तर गावाकडं जा."

शुक्रवार पेठेत माझ्या खोलीसमोर शाळा होती. तिथल्या संगणकाच्या बाई रोज खिडकीतून दिसायच्या. पदर खोचून आधी संगणकांवरची सगळी कापडं ओढून काढायच्या. शाळा सुटल्यावर धीर करून गेले, दाराशी चपला काढल्या.

"चपला कशाला गं? देऊळ हाय व्हय हे?"

मी आमच्या शाळेचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, भडकल्या. "फुलं वाहत्यात मेले, आन् पोरांना हात लावू देत न्हाईत!" माझं बोट धरून बटणावर ठेवलं. "दाब. मोडलं तर मी हाय की."

मुख्याध्यापक डोकावले. "बाई, बाहेरच्यांना कशाला?"

"शाळेनंच शिकवायचं राहिलंय सर हिला. शाळेतच शिकंल की."

शनिवारपर्यंत त्यांनी मला रोज बसवलं. सोमवारी कारखान्यात संगणकावर पहिलं लेबल काढलं. नोकरी टिकली.

यंदा खंडेनवमीला मालकांनी संगणकाला माळ घातली आणि झाकायला कापड दिलं. माळ राहू दिली. कापडानं मी टेबल पुसलं आणि कामाला बसले.